निखारे सावजी, तिसरा रविवार

मे संपता संपता मी बाबांना म्हटलं,
जूनच्या तिसऱ्या रविवारी आपणही काही करू.
ते कांदे भाजत होते.
"कोनाचा सन आहे तो?"
बापाचा, म्हटलं.
"बापाचा सन नसते व. बापाची तेरवी असते."

गोळीबार चौकाच्या मागे आमची खानावळ,
सात टेबलं, एक कूलर,
आजोबांच्या मागाचा खड्डा होता तिथे आता चूल.
समोरच्या नव्या कॅफेनं काचेवर मिशी काढलीय,
मिशीखाली टाय,
आणि पिझ्झ्यावर वीस टक्के.
टाय लावलेला बाप आमच्या गल्लीत
मी फक्त लग्नाच्या अल्बममध्ये पाहिला आहे.

मी उधारीच्या वहीत मागून ओळी लिहायला घेतल्या.
'बाबांना आणा, त्यांचं ताट आमच्याकडून.' बरी होती, ठेवली.
'ज्यांनी बोट धरलं, त्यांचा हात धरा.' खोडली.
'बाबा म्हणजे सावली.' पारा चव्वेचाळीसवर होता, तरी खोडली.
मग रात्री अकराला, गल्ला मोजताना,
एक आपोआप आली:

इथे बाप रडला तरी कुणी विचारत नाही.
रस्साच तसा आहे.

बाबांना वाचून दाखवली.
त्यांनी झारा धुतला. पुन्हा धुतला.
"हे नको छापू."
काहून?
"लोकं फिक्का रस्सा मागतीन."

इतवारीत जुनेदला फोटो पाहिजे होता.
बाबांचा एकच आहे, आधार कार्डावरचा.
"ताई, यात तर काका फरार वाटून रायले."
शेवटी त्यानेच कुठूनसा एक बाप आणून चिकटवला,
गोरा, दात एका मापाचे, खांद्यावर पोर,
आणि हातात, देवाशपथ, काटा.
सहा बाय चार. साडेचारशे रुपये.

रविवारी एकपर्यंत अकरा बाप आले.
एकाने विचारलं, सासरा चालते का.
एकाची तिन्ही पोरं मोबाइलमध्ये,
तो एकटाच हाडं चोखत, सुखी.

दीडला एक म्हातारे, इस्त्रीचा शर्ट,
"पोरगा गाडी लावून रायला," म्हणत बसले
आणि दोन ताटं सांगितली.
गोवर्धननं दोन्ही वाढली.
एका वाटीतला तवंग हळूहळू गोठत गेला.
दोनदा ते दारापर्यंत जाऊन आले.
"पार्किंगची लय बोंब आहे इकडे."
हो काका, म्हटलं, लय.

'मुलामुलींसोबत आल्यास' हा नियम
फ्लेक्सवर मीच लिहिलेला, बारीक अक्षरात.
तो कसा मोडावा याचा विचार करत होते
तेवढ्यात आतून बाबा आले,
बंडीवर, पंच्याला हात पुसत,
आणि तेवीस वर्षांत बाहेरच्या टेबलावर कधी न बसलेला माणूस
त्या दुसऱ्या ताटापुढे बसला.
"लावली गाडी, बाबूजी. सावलीत लावली."

म्हाताऱ्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाले, "किती उशीर केला बे."

जेवले दोघं. बोलणं फार नाही.
भाकर मोडायची, बुडवायची, मान हलवायची.
दुसऱ्या वाटीला म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.
बाबांच्याही,
ज्यांना स्वतःचा रस्सा कधी झोंबला नाही.
गोवर्धननं पाण्याचा जग ठेवला
आणि कूलरची दिशा बदलली.

बिल मी केलं.
बाप: शून्य. मुलगा: दोनशे चाळीस.
रात्री बाबांनी बंडीच्या खिशातून मोजून तेवढे काढले,
गल्ल्यात टाकले.
मी राहू द्या म्हटलं.
"हिशेब हिशेब असते व."

धंदा रोजच्यापेक्षा साडेअकराशेनं जास्त.
फ्लेक्स वजा जाता सातशे.

फ्लेक्स आता मागे, भांडी घासायच्या जागेवर बांधलाय, उलटा.
वारा सुटला की एक कोपरा सुटतो
आणि त्या गोऱ्या बापाचा हात बाहेर येतो, काट्यासकट.
बाबा येता-जाता त्यावर वीट ठेवतात.