उतारा

कारकुनानं वाचलं :
गड उतरा, जमिनी मामलेदाराकडं.
हैबती नाईक चुना मळत म्हणाला,
वाचून झालं? पाणी प्या, लई चढ चढलाय.

मग तोफा आल्या गडहिंग्लजच्या रस्त्यानं,
बैलांच्या तोंडाला फेस.
सामानगडावर चाळीस बंदुका,
त्यातल्या बारा चालणाऱ्या,
आणि भिवराचे दिवस भरलेले.
ती सुईणीला म्हणाली, नाळ इथंच पुर,
विहिरीच्या पायऱ्यांपाशी, खोल,
कुदळीला लागणार नाही अशी.

तिसऱ्या दिवशी बुरूज ढासळला.
माणसं दोरीनं बांधून खाली नेली.
हैबतीनं अर्ध्या वाटेत बसकण मारली,
त्याला उचलून न्यावं लागलं.

परवा तहसीलीत मी उतारा मागितला.
साहेब म्हणाले, कुठल्या गटाचा?
मी वर बोट केलं.
त्यांनी पंख्याकडं बघितलं.