कूलर

अधिक ज्येष्ठ लागला, लग्नं थांबली,
म्हणून भुसावळच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा
मला निम्म्या भाड्यात महिनाभर मिळाला.
डीजेवाली पोरंही रिकामीच होती.
जळगावात पंचेचाळीस अंश,
आणि मी दारोदार विचारत हिंडतेय,
तुमचं हे यंत्रांचं संगीत सुरू कुठून झालं?

कुणी म्हणालं, एमआयडीसीतून.
पाइपच्या कारखान्यात रात्रपाळीला
रुबाब तडवीने आठ इंची तुकडा उचलला,
त्यात फाटका स्पीकर बसवला,
आणि पहिल्याच ठोक्याला
शेजारच्या डाळमिलचा पत्रा नाचला.
कुणी म्हणालं, छे, पाइप नंतरचा.
आधी तो की-बोर्ड,
बँडवाल्याने उधारीपोटी सोडलेला.
त्याची काळी दोन तुटलेली,
म्हणून जुन्या सगळ्या ट्रॅकांत
सूर तिथे आला की उडी मारतो.

दोन्ही लिहून घेतलं. दोन्ही खरं धरलं.

हर्षाली बोरसे अमळनेरहून आली,
शेवटची एसटी साडेसातला, असं आधीच बजावून.
तिच्या आवाजाचे त्यांनी चौसष्ट तुकडे केलेत.
‘माय वं’मधला नुसता ‘वं’
आख्खी रात्र ठोक्यावर वाजतो.
तिला तो कॅमेऱ्यासमोर ऐकवला.
ती हसली, थांबली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.
"आवाज मनाच शे," म्हणाली,
"पन कोन बोली राहिनं, ते माले माहीत नई."

इक्राम पिंजारीकडे तीनदा गेले.
मला आजोबा हवा होता,
कापूस पिंजणारा,
त्याच्या तातीचा तुंय तुंय
आणि तोच तुंय नातवाच्या लॅपटॉपात.
प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं.
परातीत बर्फ, बर्फावर जाळी, जाळीवर लॅपटॉप;
त्याने वितळलेलं पाणी मोरीत ओतलं,
म्हणाला, "ताई, आजोबा एसटीत कंडक्टर होते.
हा आवाज मी नेटवरून फुकटात उतरवला.
पण तुम्हाला पायजे असंल तर बोलतो तसं."
मी कॅमेरा बंद केला.
खोटं कशाला सांगू, लगेच नाही केला.

एकशे बारा तास जमले.
मेहरूणच्या खोलीत एडिटला बसले तर
प्रत्येकाच्या बोलण्याखाली तीच घूं.
वाळ्याची ताटी, पाण्याचा पंप,
सैल जाळीची खडखड.
फिल्टर लावला, घूं गेली,
आणि माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलू लागली,
कुठल्याच गावची नसल्यासारखी.

इक्रामला बोलावलं.
ऐकून म्हणाला, "हे काढू नका.
आम्ही सूर ह्याच्यावरच लावतो ना.
खोलीत दुसरं असतं काय सतत?
पांढरी पाच, जराशी वर.
पुण्याचा एक जण आलता, म्हणे,
तुमच्या गावाचं सगळंच थोडं चढलेलं आहे.
त्याच्याकडं एसी होता."

मग त्याने नवा ट्रॅक लावला
आणि खरंच, माझा कूलर
त्यात आपल्या जागी जाऊन बसला,
पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याला
सरकून जागा द्यावी तसा.

तेवढ्यात लाइट गेली.
गल्लीतले सगळे कूलर एकापाठोपाठ खाली उतरत थांबले.
लॅपटॉप बॅटरीवर वाजतच राहिला,
एकटा, उघडा, कुठे टेकायचं न कळलेला.
इक्रामने तो थांबवला.
"आता नको," म्हणाला, "आता बेसूर लागंल."

खाली कुणी वायरमनच्या नावाने ओरडत होतं.
मी चाचपडत कॅमेरा शोधला, लाल दिवा लावला.
दिसत काहीच नव्हतं.
तो घाम पुसत होता आणि आम्ही दोघं
कूलर सुरू व्हायची वाट पाहत होतो.