वेतांचे दिवस

मे महिन्याचे तीन आठवडे
आमच्या घरी कुणी कुणाशी पुरं वाक्य बोलत नाही.
"दोन झाली." "एक आडवं." "चीक तापव."
दिवस ओड्गेरचा, रात्र माझी.
रात्र म्हणायचं आपलं. आइसलंडच्या या उत्तर टोकाला
अंधार आत्ताशा नुसता डोकावतो
आणि चुकीच्या घरी आल्यासारखा माघारी फिरतो.
दिव्याशिवाय वाचता येतं.

पालथ्या बादलीवर मी. भोवती दोनशे चाळीस मेंढ्या.
गुडघ्यावर पुस्तक: लिंबाच्या रंगाचं, वर सायकल,
सायकलच्या टोपलीत पाव.
एक बाई नोकरी सोडते, समुद्राकाठी बेकरी काढते,
शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा विधुर,
त्याचा कुत्रा आगाऊ.
पुढचं तुम्हाला कळलं. मला नवव्या पानावरच कळलं होतं.

वाचनालय गुरुवारी दोन तास उघडं असतं.
सिग्थ्रुदुर म्हणाली, "हे युद्धावरचं ने,
बक्षिसं मिळालीत त्याला."
म्हटलं, हिवाळ्यात नेईन.
आत्ता माझे हात कोपरापर्यंत
दुसऱ्याच्या पोटात असतात.

या बेकरीत कुणी पीठ मळत नाही, माहितीये?
पाव आपसूक फुगतात.
पहाटे चारला उठूनही बाई टवटवीत,
नखं गुलाबी!
एवढ्यांदा हसले, की निळ्या बिल्ल्याची मेंढी
रवंथ थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

पान एकशे बारा. तो तिच्याकडे छत्री विसरतो.
आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यातली म्हातारी काळी
खुरांनी पेंढा उकरू लागली.
पानावर आयोडीनचं बोट उमटलं, तीच खूण.
(तिथे आधीचाच एक डाग होता, चिकाचा, पिवळा.
कुणाचा? आमच्या पंचक्रोशीत ऑर्गन वाजवणारी डाग्ब्यर्त
फक्त स्तोत्रं वाचते म्हणतात.
मेंढ्या तिच्याकडेही आहेत.)

एक पाय मागे दुमडलेला.
साबण, कोमट पाणी. आत बोटांनी गुडघा शोधायचा,
खूर तळव्यात झाकून घ्यायचा,
ती कळ सोडेल तेव्हाच पुढे आणायचा.
पहिलं वाचलं.
दुसरं नाही.
फुंकलं, चोळलं, मागचे पाय धरून झोके दिले.
नाही म्हणजे नाही.
पोत्यात ठेवलं, दाराबाहेर.
पहिल्याला आईच्या नाकापाशी सरकवलं,
ती चाटू लागेपर्यंत थांबले.
हात धुतले. बादलीवर बसले.

"लगेच?" स्वाला फोनवर विचारते, रेक्याविकहून.
"लगेच कसं वाचवतं तुला, आई?"
आता हिला काय सांगू.
तो छत्री न्यायला परत येणार होता.
येणार म्हणजे येणारच होता, आणि आला,
एकशे तेराव्या पानावर, कुत्र्यासकट.
दुसरं कोण माझ्याकडे
इतकं ठरल्यासारखं येतं या दिवसांत?

असं मी म्हणाले नाही. म्हणाले,
"झोप नाही ना येत मग."

काल सकाळी पुस्तकात गवताची काडी सापडली, पान साठवर.
माझी नव्हे.
ओड्गेरला विचारलं नाही.
जेवताना तो एकदम म्हणाला,
"आपल्याकडे पण कुत्रा असायला हवा होता, आगाऊ,"
आणि बशीत बघत राहिला.

अजून अकरा व्यायच्यात.
पुस्तकाची आठ पानं उरलीत.
पुरवून पुरवून वाचतेय.