पानाला पंधरा रुपये

विट्याच्या स्टँडसमोर, झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
मी प्रबंध टाइप करते. पानाला पंधरा,
तक्ता असेल तर वीस.

सध्या निकम सरांचा चाललाय :
परदेशी गेलेल्या बायका, कादंबऱ्यांतल्या.
दर प्रकरणात एक बाई बर्फात उभी असते
मुठीत किल्ली घेऊन, आणि विचारते, मी कोण.
सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय,
'आयडेंटिटी' तेवढं लगेच लागतं,
चौथ्या प्रकरणात एकशे सात वेळा.

आई बर्फात कधी उभी राहिली नाही.
इरोडला, गलाईच्या दुकानावरच्या माळ्यावर
एकोणीस वर्षं स्टोव्हपाशी उभी होती.
खालून ॲसिडचा वास यायचा, भाताला लागायचा.
माहेरची हौसा, सासरी मंगल केलेली,
तिथल्या बायका म्हणायच्या सेट्टम्मा.
तिन्ही हाकांना ओ द्यायची,
म्हणजे हातातलं टाकून उठायची.

रात्री दुकान झाडायचं तिनं.
झाडलेली माती आमच्यात फेकत नाहीत.
पोत्यात भरतात, वर्षाच्या शेवटी धुतात,
गुंज-दोन गुंजा सोनं निघतं.
अप्पा वहीत लिहायचे : माती, इतके मिलिग्रॅम.
झाडणारीला रकाना नव्हता.

सरांना म्हटलं, अशी बाई येते का कुठं यात?
सर हसले. त्याला समुद्र ओलांडावा लागतो, म्हणाले,
इरोड आपल्याच देशात की.
आणि डावीकडं मार्जिन दीड इंच ठेवा.

आईला सांगितलं हे.
ती शेंगा फोडत होती. म्हणाली,
मिरजेच्या स्टेशनापुढं
मला सगळा समुद्रच होता, बाई.

काल ऋणनिर्देश आला. शेवटून दुसरी ओळ :
आणि माझी पत्नी, जिच्या सहनशीलतेशिवाय.
फोन केला, सर, नाव घालू का?
'सौ. लिहा, पुरे.'
सौ. लिहिलं. पुढं कर्सर लुकलुकत राहिला,
पंख्याखाली कागद फडफडत.
मग आठवलं, परवा प्रुफं न्यायला त्याच आल्या होत्या,
पोचवहीत सही आहे :
विजयमाला. ऐसपैस, रेघेच्या खाली उतरलेली.
घातलं.
ओळ वाढली, एक शब्द पुढच्या पानावर गेला.
त्या पानाचे पैसे मी लावणार नाही.

घरी आले तर आई अंधारात पापड मोजत होती,
ओण्णु, रेंडु, मूणु...
माझ्या चपलांचा आवाज झाला
तशी मराठीत आली :
चार.