शेऱ्याचा रकाना

मॉन्टेव्हिडिओच्या बंदरामागे लोकरीची वखार.
ऑगस्टात तिथे नेल्बा हातमोजे न काढता टाइप करते.
एफ-सात म्हणजे वजन, एफ-नऊ म्हणजे छापा.
बारा वर्षं तोच काळा पडदा, तीच हिरवी अक्षरं;
वॉशिंग्टन पिरोट्टोने क्लिपरमध्ये
एका हिवाळ्यात एकट्याने लिहिलेला प्रोग्राम.
आता वॉशिंग्टनला नीट दिसत नाही.
मला म्हणाला, निवडून टाका काहीतरी,
मी चाचपडायला लागायच्या आत.

म्हणून दोन कंपन्यांना बोलावलं.

जावावाला आधी आला, टाय लावून.
सोबत एक गप्प मुलगी, वही घेऊन.
तो म्हणाला, हे कुठेही चालतं.
नेल्बा म्हणाली, इथे चाललं तरी पुरे.

मग डॉट नेटवाला.
बटणं ओढली, चौकटी सोडल्या,
आणि वीस मिनिटांत आमची बारा वर्षं
पडद्यावर मांडून दाखवली.
त्यांत फक्त लोकर नव्हती.

मी हिशेबनीस. कागदाला घडी घातली,
मधोमध रेघ मारली.
परवाने डॉलरमध्ये, आणि बँका बुडून जेमतेम वर्ष झालेलं.
सर्व्हर कुणाचा, दुरुस्तीला कोण येणार,
दहा वर्षांनी दोघांपैकी कोण उरणार
(हे दोघांनाही विचारलं; दोघंही हसले, सारखेच).
रेघेच्या दोन्ही बाजू भरत गेल्या
आणि तराजू तसाच, हलेना.

मग जुनी माहिती बाहेर काढायला घेतली.
गासडी, प्रत, वजन, भाव; सगळे रकाने शहाण्यासारखे.
शेवटचा शेऱ्याचा. चाळीस अक्षरं.

*ओलसर. खालचा थर उघडून पाहा.*
*खोटं बोलतो पण तारखेला देतो.*
*मुलगा वारला. मार्चपर्यंत बिल नको.*
*चावतो. आधी फोन करा.*
*माझी मावशी आहे. सूट देऊ नये.*

रात्री साडेदहापर्यंत वाचत बसले.
वखार कुठे ठेवली आहे ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही विचारलं, हे कुठे जाणार?
एक म्हणाला, याचे प्रकार पाडू, प्रत्येकाचा वेगळा वर्ग.
दुसरा म्हणाला, यावर अहवाल काढता येत नाही, गाळलेलं बरं.
चूक कोणीच नव्हतं.

गुरुवारी वॉशिंग्टन आला, भिंग घेऊन, माते पीत.
म्हणाला, आधी वीसच अक्षरं दिली होती.
तिसऱ्या महिन्यात ती भांडली. मग चाळीस केली.
बाकीच्या प्रोग्रामचं काही सांगू नका मला,
त्यात चुका आहेत, मला माहीत आहेत,
दोन तर मीच लपवल्यात.

संध्याकाळी ती गप्प मुलगी परत आली,
विसरलेला स्कार्फ न्यायला. फिओरेला तिचं नाव.
नेल्बाच्या खांद्यामागे उभी राहून वाचू लागली,
आणि विचारलं,
चावतो म्हणजे कुत्रा, की मालक?

नेल्बाने हातमोजे काढले.
खुर्ची ओढून दिली.

मालकांना दिलेल्या टिपणात मी लिहिलं:
दीर्घकालीन स्थैर्य, परवान्यांचा कमी खर्च, खुले मानक.
तेही खोटं नाही.

पुढच्या हिवाळ्यात नवा पडदा आला, पांढरा.
शेऱ्याच्या रकान्यात आता दोनशे पंचावन्न अक्षरं मावतात.
नेल्बा अजून चाळीसच्या आसपास थांबते,
मग उरलेल्या जागेकडे जरा संशयाने बघते.
तक्रार तिची एकच, ती रोज करते:
हातमोजे घालून माऊस धरता येत नाही,
हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं.