सामानापाशी

महल्ल्याहून बस सुटली तेव्हा पहाटेचे चार,
अंधार, आणि उकडलेल्या अंड्यांचा वास.
तेवीस बाया, दोन पोरं, ड्रायव्हर रमज़ी.
माणशी दीडशे पाउंड. वही माझ्याकडे.
सनाअने अजून दिले नाहीत. असो.

सूतगिरणीतल्या आम्ही, साधं बोलणंही ओरडून.
रमज़ीने आरशातून विचारलं, भांडताय काय गं?
नाही बाबा, मीठ घेतलं का, एवढंच विचारतोय.

अलेक्झांड्रिया, एका दिवसात.
समुद्र दिसला तेव्हा निम्म्या झोपेत होत्या,
उरलेल्या म्हणाल्या, हं,
आणि पिशव्या उतरवायला लागल्या.
पातेली, चटया, स्टोव्ह, भोपळ्याएवढा कांद्यांचा गठ्ठा.
फोटोसाठी ठेवणीतले बूट चढवले सगळ्यांनी,
रोजच्या चपला वाळूत ओळीने.

सामानापाशी कुणीतरी थांबायला हवं, मी म्हटलं.
लगेच जिला तिला पर्समध्ये काहीतरी सापडेना.
अतियात बसलीच होती. म्हणाली, मी आहे.
जिने आता नवे गुडघे आणायचे कुठून.

मग आम्ही पाहिलं.
किल्ला पाहिला. पडलेल्या दीपस्तंभाच्या जागी बांधलाय म्हणे,
म्हणजे जे नाही त्याचंच तिकीट.
एक खांब पाहिला, ताडमाड, एकटा,
वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही.
नबाविया म्हणाली, माझ्या दिरासारखा.
गाढव खाली पडलं म्हणून सापडलेली भुयारं,
गोल जिना, ओल. रावयाला घाम फुटला,
तिला वर आणण्यात अर्धा तास गेला.
वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर
जगभरची अक्षरं कोरलेली.
आमच्यातल्या चौघींना एक लिपी येते, बाकीच्यांना तीही नाही.
सगळ्यांनी सारखाच हात फिरवला त्या दगडावरून.
राजवाड्याची बाग. भाजलेलं रताळं. ट्रामचा एक फेरा,
खिडकीसाठी मात्र खरंच भांडलो.

परतलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आलेला.
अतियात तिथेच, चटईच्या कडेला,
छातीपर्यंत ओली. काळा झगा अंगाला चिकटलेला,
नखांत वाळू.
अगं काय हे?
एक चप्पल वाहून चालली होती, ती म्हणाली.
आत गेले, आणली.

मी मोजल्या. वहीची सवय.
बावीस जोड. सगळे कोरडे.
तिच्या मांडीवर होती ती
हिरवी, प्लॅस्टिकची, चार वर्षांच्या पोराची,
पट्टा तुटलेली. आमच्या दोघा पोरांची नव्हे.

कुणी हसलं नाही. कुणी विचारलंही नाही
की लाट कंबरेपर्यंत आली तेव्हा
मागे वळून पाहिलं होतंस का.

बसमध्ये मी तिच्या शेजारी.
एकतीस वर्षं पिंजणखात्यात. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही,
मी उजवीकडे बसले.
बाकीच्या मोबाइलमधले किल्ले एकमेकींना दाखवत होत्या.
अतियात म्हणाली, चार नंबर हॉलसारखाच आवाज आहे त्याचा.
हुबेहूब. फक्त
भोंगा होत नाही.
मग पुष्कळ वेळाने, दमनहूर मागे पडल्यावर:
तळाला मऊ असतं, कापसासारखं. वाटलं नव्हतं.
आणि झोपली. तोंड उघडं,
भुवयांवर मीठ सुकलेलं.

रात्री हिशेब लिहायला घेतला.
किल्ला, बावीस. खांब, बावीस. बाग, बावीस, पोरं फुकट.
समुद्राचं तिकीट नसतं,
म्हणून तो रकाना वहीत नव्हता.
पेन थोडा वेळ तसंच धरून बसले.

पुढल्या वर्षी पोर्ट सईद ठरतंय.
सामानापाशी बसायला आत्तापासूनच सहा नावं आलीत,
सगळ्यात वर सनाअ.
तिचे दीडशे अजून यायचेत.