नऊ वाजून चार मिनिटं

केसपेपरच्या खिडकीवरून मल्लिनाथचा फोन:
"मॅडम, नुसतं गोल फिरायलंय. रांग पार चिंचेपर्यंत गेली."
रोज, नऊ वाजून चार मिनिटांनी.

डिरेक्टरी सर्व्हरचं काम एवढंच,
कोण आपलं आहे ते सांगायचं.
प्रोसेसर निवांत. मेमरी निवांत. डिस्क जवळजवळ झोपेत.
जोडण्या मात्र एक हजार चोवीस,
पुढे एकही नाही.
आकडा असा नेमका अडतो तेव्हा भिंत असते,
कुणीतरी, कधीतरी, न विचारता बांधलेली.

आधी संशय घेतला नव्या स्विचवर.
मग उन्हावर.
सोलापुरात मे महिन्यात कशावरही घेता येतो.
मग लॉग उघडला.

वडील साखर पेठेत मागावर होते.
ताण्यातला धागा तुटला की माग थांबवून
दोन हजार धाग्यांवरून हात फिरवायचे, डोळे मिटून.
"दिसत नसतंय ते," म्हणायचे, "लागतंय."

मला तिसऱ्या दिवशी लागलं,
चार लाख सतरा हजाराव्या ओळीच्या आसपास.
सात नंबर वॉर्डातलं औषधांचं यंत्र
दर तीन सेकंदांनी दार वाजवतं,
विचारतं, अनसूया गड्डम आहेत का?
उत्तर घेतं, आणि जात नाही.
उंबऱ्यातच उभं.
त्याच्या मागे परत तेच, परत तोच प्रश्न.

सव्वाआठला कुणीतरी त्याचं बटण दाबतं.
एकोणपन्नास मिनिटं गुणिले वीस, नऊशे ऐंशी.
उरलेल्या चव्वेचाळीस जागांत
अख्खा दवाखाना.

गड्डम सिस्टर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या.
फोनवर मागे कुकरची शिट्टी.
"अगं, सगळे माझंच नाव टाकायचे. नवीन खातं मागितलं की
महिना जायचा ना तुमच्याकडे.
पासवर्ड? कीबोर्डखाली चिठ्ठी असेल बघ."

होती.
निळ्या शाईत, कोपऱ्यावर आयोडीनचा डाग.

साठ सेकंद गप्प राहील त्याला बाहेर काढायचं,
एवढी एक ओळ लिहिली.
यंत्राला त्याचं स्वतःचं नाव दिलं.
सिस्टरांचं काढलं.
त्यांना कळवलं तेव्हा म्हणाल्या, "बरं,"
आणि थोडा वेळ फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ चार. जोडण्या चौसष्ट.
नऊ दहा. फोन वाजला नाही.
साडेनऊला मीच केला.
"मल्लिनाथ, सगळं ठीक?"
"ठीक की. का, काय झालं?"